गिरणीच्या जमिनीतील तिसरा हिस्सा

9 जुलै 2025 रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर गिरणी कामगारांचा मोर्चा होता. निवृत्तिवेतनाच्या एका किरकोळ कामासाठी मी फोर्ट भागात गेलो होतो. काम उरकल्यावर, उत्सुकतेपोटी म्हणा किंवा जुन्या ओढीने म्हणा, पावले मैदानाकडे वळली. सत्तरी-पंचाहत्तरीची माणसे, त्यांना हाताला धरून आणणारे मुलगे आणि सुना, कोठे कोठे नातवंडे. जवळजवळ प्रत्येकाजवळ एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि त्या पिशवीत कागद होते. गिरणीचे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची पावती, कामगार विम्याचे कार्ड, म्हाडाकडे भरलेल्या अर्जाची पोच. अडतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे कागद जपणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. परंतु बंद पडलेल्या गिरणीचे ओळखपत्र चाळीस वर्षे पावसापासून राखणारा माणूस हा वेगळाच ठेवीदार.

त्यांतील एका वृद्ध गृहस्थांना मी सहज विचारले, "मागणी काय आहे?" ते म्हणाले, "साहेब, घर पाहिजेच आहे. पण मुंबईत पाहिजे. तिकडे लांब देतात आणि नको म्हटलं तर नाव कापणार म्हणतात."

या दोन वाक्यांच्या मागे जो इतिहास आहे, तो आपल्या वाचकांना सांगावा असे त्या दिवसापासून मनात होते. आपल्यांतील कित्येक घराण्यांचा कापडाचा व्यापार याच गिरण्यांच्या जोरावर उभा राहिला. मुळजी जेठा मार्केटमधील पेढ्यांवर गिरणीच्या शिक्क्याचे तागे येत असत आणि गिरणीचे नाव हीच मालाची हमी मानली जाई. तो तागा विणणारा माणूस मात्र आपल्या हिशेबाच्या वहीत कधी आला नाही. येण्याचे कारणही नव्हते. आपला व्यवहार एजंटाशी, एजंटाचा गिरणीशी.

मी 1981 साली लालबागच्या एका शाखेत कारकून म्हणून रुजू झालो. पगाराच्या दिवसांत शाखेत पाय ठेवायला जागा नसे. महिन्याला पन्नास-शंभर रुपयांची आवर्ती ठेव भरणारे बदली कामगार, गावी मनिऑर्डर केल्यावर उरलेले पैसे खात्यात टाकणारे साचेवाले, सही येत नसल्याने अंगठा उठवणारे पण पासबुकातील पै न् पै पाठ असणारे लोक. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पहिले दोन महिने आमच्या काउंटरवर काही जाणवले नाही. नंतर आवर्ती ठेवी मुदतीपूर्वी मोडण्याचे अर्ज येऊ लागले. त्यानंतर सोने तारणाचे. पुढे तर खाते बंद करण्याचे. दिवाळीपर्यंत आमच्या शाखेच्या बचत खात्यांची नोंदवही इतकी विरळ झाली, की व्यवस्थापक साहेबांना वरिष्ठ कार्यालयास लेखी खुलासा द्यावा लागला. खुलाशाचा मसुदा मीच लिहिला होता. 'स्थानिक औद्योगिक परिस्थितीमुळे' असे शब्द मी त्यात वापरले होते. त्या तीन शब्दांत केवढे काय दडले होते, याची जाणीव बाविसाव्या वर्षी मला नव्हती.

त्या काळात कापडाचा व्यापार थांबला नाही. माल भिवंडीच्या, इचलकरंजीच्या, मालेगावच्या मागांवरून येऊ लागला. जे घराणे वर्षाच्या आत पुरवठ्याची वाट बदलू शकले, ते तरले. भांडवलाला पाय असतात. कामगाराच्या तिकिटाला ते नसतात. ते ज्या गिरणीचे, त्या गिरणीच्या दारापर्यंतच चालते. संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, काही अर्ध्यामुर्ध्या चालल्या, काही कायमच्या बंद पडल्या. कोकणातला माणूस कोकणात गेला, घाटावरचा घाटावर. जे उरले, त्यांनी भाजी विकली, रखवालदारी केली, आणि त्यांच्या बायकांनी खानावळी चालवल्या.

यंत्रे थांबली तरी गिरण्यांची जमीन जागेवरच होती. परळ, लालबाग, वरळी, लोअर परळ, भायखळा, शिवडी या पट्ट्यातील 58 गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर. मुंबईसारख्या चिंचोळ्या बेटावर 600 एकर म्हणजे काय, हे दुकानाच्या चौरस फुटाचे भाडे मोजणाऱ्या आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आता हिशेबाच्या मूळ कलमाकडे येतो. 1991 साली मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्या 58 व्या नियमात गिरणीच्या जमिनीची वाटणी ठरवून दिली होती. बोलीभाषेत तिला 'एक-तृतीयांशाचे सूत्र' म्हणतात, पण नेमकी टक्केवारी जमिनीच्या आकारावर होती. पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीत 33 टक्के जागा महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, 27 टक्के म्हाडाला घरांसाठी आणि 40 टक्के मालकाला. पाच ते दहा हेक्टरमध्ये 33, 34 आणि 33. दहा हेक्टरच्या वर गेल्यास 33, 37 आणि मालकाला 30. म्हणजे गिरणी जितकी मोठी, तितका सामान्यांच्या घरांचा वाटा मोठा. नियम करणाऱ्याने विचारपूर्वक केलेली ही रचना होती, असे मला आजही वाटते.

प्रत्यक्षात काय झाले? मालक पुढे येईनात. दोन-तृतीयांश जमीन सोडून देऊन उरलेल्यात बांधायचे, यापेक्षा गिरणीला कुलूप लावून वाट पाहणे त्यांना परवडत होते. व्यापाराच्या दृष्टीने त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. ज्या मालाचा भाव दरवर्षी चढतो, तो घाईने कोण विकतो? 1996 साली राज्य शासनाने प्रख्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. गिरण्यांच्या जमिनींचा सुटा सुटा विचार न करता त्या एकत्र धरून आराखडा करावा, म्हणजे सलग मैदाने, रस्ते आणि वसाहती होतील, अशी त्यांची दिशा होती. तो अहवाल कपाटात राहिला.

मग 20 मार्च 2001 रोजी नियम 58 मध्ये दुरुस्ती झाली. टक्केवारी तीच राहिली. बदलले ते एवढेच, की वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ 'मोकळ्या' जमिनीची व्हायची. ज्या जागेवर गिरणीची शेड, गोदाम, कचेरी उभी आहे, ती जागा वाटणीतून वगळली गेली.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नऊ हेक्टरची एक गिरणी आहे. जुन्या नियमाने म्हाडाला तीन हेक्टरहून थोडे अधिक मिळाले असते. आता या नऊपैकी सात हेक्टरांवर बांधकाम उभे आहे असे समजा; गिरण्या तशा दाटीवाटीनेच बांधलेल्या असत. वाटणीस उरले दोन हेक्टर. त्यातून म्हाडाला धड पाऊण हेक्टरही येत नाही. कर्जाच्या करारपत्रात 'थकीत रक्कम' या शब्दांची व्याख्या बदलली तर व्याजदर तोच ठेवूनही कर्जदाराचे दिवाळे निघू शकते, हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊक असते. येथे तसेच झाले.

कबुली द्यायची तर, त्या वेळी मला ही दुरुस्ती व्यवहार्य वाटली होती. शंभर टक्क्यांचा तिसरा हिस्सा कागदावर आणि हातात शून्य, त्यापेक्षा थोडे तरी हातात पडेल, असा माझा युक्तिवाद असे. शिवाय कामगारांची थकीत देणी जमिनीच्या विक्रीतूनच भागणार होती. ही गोष्ट विसरून चालत नाही, कारण याच ठिकाणी कामगार दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडला. विक्री थांबली तर त्याच्या हक्काचे पैसे अडकतात आणि विक्री झाली तर त्याच्या घराची जमीन जाते.

पर्यावरणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने या दुरुस्तीस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने कौल दिला. 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि 2001 चा नियम कायम झाला. याच सुमारास, 2005 साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांची विक्री झाली. त्यांपैकी लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल, सुमारे 17 एकर, 702 कोटी रुपयांस गेली. ती घेणाऱ्या विकासकाने 2012 मध्ये तीच जमीन दुसऱ्या विकासकास विकली, 2,727 कोटींना. सात वर्षांत जवळजवळ चौपट. चक्रवाढीने पाहिले तर वर्षाला 21 टक्क्यांहून अधिक. माझ्या संपूर्ण सेवाकाळात कोणत्याही मुदत ठेवीवर मी असा दर दिला नाही आणि कोणत्याही कर्जदाराकडून घेतलाही नाही.

अशा बाजारात, उत्पन्न थांबलेल्या माणसांना घर मागण्याचे धाडस कोठून आले, हा खरा प्रश्न आहे.

1989 साली 'बंद गिरणी कामगार संघर्ष समिती' स्थापन झाली. तिचे प्रमुख दत्ता इस्वलकर हे स्वतः महालक्ष्मीच्या मॉडर्न मिलमधील कामगार. (7 एप्रिल 2021 रोजी त्यांचे निधन झाले.) उपोषण, धरणे, निवेदन, मोर्चा, ही त्यांची साधने, आवाज चढवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. प्रारंभीची मागणी घराची नव्हतीच. बंद गिरण्या पुन्हा सुरू करा, ही होती. गिरण्या सुरू होणार नाहीत हे जसजसे उघड होत गेले, तसतशी मागणी बदलली: ज्या जमिनीवर आम्ही घाम गाळला, तिच्यावर आमचे घर हवे. पुढे अन्य संघटनाही या मागणीत उतरल्या. त्यांच्यात मतभेद होते, श्रेयाची चढाओढ होती, आणि काही ठिकाणी अर्जांच्या नावाखाली पैसे उकळणारे दलालही शिरले. कोणत्याही मोठ्या चळवळीच्या जमाखर्चात ही बाजू असतेच. ती लपवण्यात अर्थ नाही.

परंतु जे पदरात पडले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. म्हाडाला मिळालेल्या जमिनीवर बांधलेल्या घरांपैकी दोन-तृतीयांश घरे गिरणी कामगारांना आणि एक-तृतीयांश संक्रमण शिबिरासाठी, असे ठरले. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेला कामगार पात्र, आणि तो हयात नसल्यास त्याचा वारस पात्र, हेही ठरले. ही तारीख फार महत्त्वाची आहे. संप 18 जानेवारीचा. त्यामुळे संपात नोकरी गमावलेला माणूस या तारखेने आत आला. संपकऱ्यांना वगळणारी तारीख घालणे सहज शक्य होते, आणि ती तशी पडली नाही, याचे मोल अर्जदारांच्या रांगेत उभे राहिल्याशिवाय कळणार नाही.

अर्ज मागवले गेले तेव्हा ते दीड लाखांच्या घरात गेले. सावंतवाडीपासून साताऱ्यापर्यंतची गावे जागी झाली. वडिलांच्या ट्रंकेच्या तळाशी असलेला हजेरीचा कागद, विम्याचा क्रमांक, फंडाची चिठ्ठी. ज्यांच्याकडे एकही कागद नव्हता, ते जुन्या सहकाऱ्यांना शोधत फिरले. गिरणीचे दप्तरच नष्ट झालेले असेल, तर नाव सिद्ध करायचे कसे? अशा माणसांची बाजू घेऊन कार्यालयांत खेटे घालणारे कार्यकर्ते स्वतः साठी ओलांडलेले होते.

28 जून 2012 रोजी पहिली सोडत निघाली. अठरा गिरण्यांच्या जमिनींवर एकूण 10,165 घरे बांधून झाली होती. त्यांपैकी 6,925 कामगारांसाठी आणि 3,240 संक्रमणासाठी. संपानंतर तीस वर्षांनी. मे 2016 मध्ये आणखी 2,634 घरांची सोडत झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पनवेलजवळच्या कोन येथील 2,417 घरांची. मार्च 2020 मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिल यांच्या जागांवरील 3,894 घरांची. बेरीज 15,870.

दीड लाखांत 15,870 म्हणजे दहांतील एकास घर. पहिल्या सोडतीपासून चौथ्या सोडतीपर्यंतच्या आठ वर्षांचा वेग धरला, तर वर्षाला दोन हजार. त्या वेगाने उरलेल्यांना घर देण्यास सदुसष्ट वर्षे लागतील, आणि अर्जदारांतील बहुतेक मूळ कामगार आज साठीच्या पुढे आहेत.

2016 च्या सोडतीनंतर मी पुन्हा एकदा या माणसांच्या समोर बसलो, या वेळी कर्ज विभागाचा अधिकारी म्हणून. घर 225 चौरस फुटांचे, किंमत साडेनऊ लाख. लोअर परळ-शिवडीच्या बाजारभावापुढे ही किंमत काहीच नाही, हे खरे. परंतु घेणाऱ्याच्या उत्पन्नापुढे ती काय आहे, ते पाहू. साडेआठ टक्के दराने, वीस वर्षांच्या मुदतीने, साडेनऊ लाखांचा मासिक हप्ता सुमारे सव्वाआठ हजार रुपये. पण सदुसष्ट वर्षांच्या अर्जदाराला वीस वर्षांची मुदत कोणती बँक देईल? दहा वर्षे धरली तर हप्ता पावणेबारा हजारांच्या आसपास जातो. त्या माणसाचे निवृत्तिवेतन हजार-बाराशे रुपये.

एक मावशी आल्या होत्या, बरोबर मुलगा. यजमान साचेखात्यात होते, पंधरा वर्षांपूर्वी वारलेले. वारस म्हणून त्यांचे नाव सोडतीत लागले. मुलगा कुरिअरचे वाटप करी. पगार रोख, पगारपत्रक नाही, आयकर विवरण नाही. त्या आधी दुसऱ्या एका बँकेत जाऊन आल्या होत्या. मला म्हणाल्या, "साहेब, घर लागलं, पण बँक म्हणते तुमचं वय झालं. नंबर लागायला एवढी वर्षं लागली, त्यात वय होणारच की."

यावर काय उत्तर द्यावे? नियमाप्रमाणे ती फाइल माझ्या टेबलावरच संपायला हवी होती. मी ती आठवडाभर ठेवली. मुलाच्या मालकाकडून पगाराचे पत्र मागवले. ते गृहस्थ, योगायोगाने, आपल्या वाचकांसारखेच एक लहान व्यापारी. प्रथम त्यांनी कां-कू केली. रोख पगाराचे लेखी पत्र देणे त्यांच्या सोयीचे नव्हते. नंतर मुलाला खात्यातून पगार देऊ लागले, आणि सहा महिन्यांच्या नोंदी झाल्यावर मुलगा सहकर्जदार होऊन कर्ज मंजूर झाले. ते सहा महिने मावशींनी काकुळतीने पत्रे लिहून म्हाडाकडून मुदत वाढवून घेतली. हप्ता माझ्या निवृत्तीपर्यंत एकदाही चुकला नव्हता. अशाच आणखी तीन फाइली मात्र माझ्याच सहीने नामंजूर झाल्या आहेत. तेही येथे नोंदवले पाहिजे.

घरे मिळालेल्यांपैकी काहींनी ती भाड्याने दिली, बंदीची मुदत संपल्यावर काहींनी विकली, अशी टीका नेहमी ऐकू येते. असेल. गावी स्थायिक झालेल्या, दोन मुलांत एक 225 फुटांचे घर वाटून घेणाऱ्या कुटुंबाने ते विकले, तर मला त्यात नवल वाटत नाही. आपण वडिलोपार्जित दुकान विकून भावांत वाटणी करतो, तेव्हा आपल्याला कोणी फसवे म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शहरात लाखो माणसे बेघर असताना एकाच धंद्यातील जुन्या नोकरांना घर का? याचे माझ्यापुरते उत्तर असे, की हे घर दान म्हणून मागितले जात नव्हते. 1991 च्या नियमाने जमिनीचा एक वाटा घरांसाठी लिहून ठेवला होता. कामगारांनी त्या वाट्याची आठवण मरू दिली नाही, म्हणून संक्रमण शिबिरासाठीची तीन हजारांवर घरेही त्याच इमारतींत उभी राहिली. मागणारे नसते, तर तो वाटा कोणाच्या नावावर गेला असता, हे सांगायला नको.

शेजारच्या वरळीतील बीडीडी चाळींची गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. तेथील रहिवाशाला पुनर्विकासात 500 चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळते, तेही जागच्या जागी. त्याचे मला समाधानच आहे. फरक एवढाच, की चाळीतल्या माणसाकडे खोलीचा ताबा होता. गिरणीतल्या माणसाकडे यंत्राचा ताबा होता, आणि यंत्र भंगारात गेले.

आता शासनाने उरलेल्या कामगारांसाठी वांगणी आणि शेलू येथे सुमारे 81 हजार घरांची योजना पुढे आणली आहे. मार्च 2024 च्या शासन निर्णयात असेही कलम होते, की ते घर नाकारल्यास हक्क संपुष्टात येईल. आझाद मैदानावरच्या मोर्च्याची एक प्रमुख मागणी ते कलम रद्द करण्याची होती, आणि दुसरी अर्थातच मुंबईतल्या घराची.

त्या मोर्च्यानंतर एका रविवारी मी कर्जत गाडीने शेलूला जाऊन आलो. गाडी धिम्या मार्गाची असेल तर दोन तासांची बैठक. कल्याणनंतर डबा रिकामा होतो, बदलापूरनंतर हिरवा डोंगर दिसू लागतो. जागा सुंदर आहे, हवा उत्तम आहे; निवृत्तांनी राहावे अशी. पण ज्या सत्तरीच्या माणसाचा दवाखाना परळला आहे, मुलाची नोकरी लोअर परळच्या त्याच काचेच्या इमारतींत रखवालदाराची किंवा घरपोच सेवेची आहे, त्याने रोज चार तास गाडीत काढावेत का? आणि एवढ्या एकगठ्ठा घरांना पाणी, शाळा, रुग्णालय कोठून येणार, हे विचारले तर स्थानकावरचा चहावाला हसला. दुसऱ्या बाजूने विचार केला तर, ज्यांना खरोखर गावाच्या जवळ, मोकळ्या हवेत राहायचे आहे, त्यांना हे घर जरूर मिळावे. निवड त्यांची असावी, एवढेच.

येताना गाडीत माझ्यासमोर एक ओळखीचा चेहरा बसला होता. भुलेश्वरच्या एका पेढीवर बावीस वर्षे हिशेब लिहिणारे गृहस्थ, राहायला वांगणीला. रविवारीही दुकान उघडायचे म्हणून निघालेले. त्यांचे शेठ माझ्या परिचयाचे. माणूस प्रामाणिक, विश्वासू, चाव्या त्यांच्याच हातात. मी त्यांना विचारले, वांगणीला का घेतले? म्हणाले, "जिथे कर्ज बसलं, तिथे घेतलं. सकाळी पावणेसहाची गाडी पकडतो." शेठजींना हे ठाऊक आहे का, असे विचारले, तर म्हणाले, "उशीर झाला की ठाऊक होतं."

आपल्या बहुतेक जुन्या इमारतींचे, सोसायट्यांचे पुनर्विकासाचे प्रस्ताव आज टेबलावर आहेत. मी ज्या सोसायटीत राहतो तिचाही आहे. विकासकाने दोन आराखडे दिले होते: एकात मोठ्या सदनिका कमी, दुसऱ्यात लहान सदनिका अधिक. मूळ सभासदांना दोन्हींत जागा सारखीच. पहिल्या सभेत लहान सदनिकांचा आराखडा हातांच्या नुसत्या इशाऱ्याने बाजूला पडला. 'कोण कोण येऊन राहतील' असा कोणीतरी सूर लावला आणि बाकीच्यांनी मान डोलावली. मीही त्या दिवशी बोललो नाही. पुढची सभा येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. दोन्ही आराखड्यांचे आकडे मी एका कागदावर मांडले आहेत, प्रती काढून ठेवल्या आहेत, आणि कार्यवृत्तात नोंद व्हावी म्हणून विषय लेखी दिला आहे.